यरीहोची भिंत आणि आमच्या विश्वासाचा पाया

(वाचावयाचे शास्त्रभाग : यहोशवा, अध्याय ६, यिर्मया ३४:१-७, लूक ६:४६-४९.)



यहोशवाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय मंडळींत वाचला जातो, तेव्हां लहान मुलेंही कान टवकारून ऐकतात. याजक कर्णे वाजवीत आहेत, लोक सात दिवस नगराभोंवतीं फिरत आहेत, आणि शेवटीं तट कोसळत आहे; हें चित्र एकदां मनावर उमटलें म्हणजे जन्मभर पुसत नाहीं. अशा वेळीं उपदेशकानें, "ती पडलेली भिंत विद्वानांनीं खणून काढिली आहे, आतां शंका कसली?" असें म्हटलें कीं, सर्वांस मोठा हर्ष होतो. परंतु त्याच मंडळींतला एखादा मुलगा तालुक्याच्या शाळेंत शिकावयास जातो, चार पुस्तकें वाचतो, आणि घरीं येऊन म्हणतो, "बाबा, ती भिंत यहोशवाच्या काळची नव्हेच, ती त्याहून हजार वर्षें जुनी आहे." मग बाप गप्प होतो, उपदेशकही गप्प होतो. मुलगा मात्र मनांत म्हणतो, "ह्यांनीं भिंतीविषयीं खरें सांगितलें नाहीं, तर वधस्तंभाविषयीं सांगितलेलें तरी खरें कशावरून?"

बंधुजनहो, हा प्रश्न लहान नाहीं. एका भिंतीपायीं एक आत्मा दूर जाण्याचा हा प्रसंग आहे. म्हणून जुनीं स्थळें कशीं शोधितात, कशीं खणितात, आणि सांपडलेल्या वस्तूंचा अर्थ कसा लावितात, हें आज आम्ही शांतपणें पाहूं. आणि त्यावरून आपल्या विश्वासाचा पाया कशावर आहे, ह्याचा विचार करूं.

प्रथम, स्थळ सांपडतें कसें? आमच्या खेड्यांतील वाचकांस हें समजणें कठीण नाहीं. आपल्या मुलखांत पिकाच्या जमिनीस काळी म्हणतात व वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. मातीचें घर पडतें, त्याच जागीं दुसरें उठतें. चुलीची राख, केरकचरा, फुटकीं गाडगीं तेथेंच पडतात. आणि अशा रीतीनें पिढ्यानुपिढ्या पांढरी उंच होत जाते. गांव उठून गेला तरी टेकाड राहतें. पवित्र देशांतही असेंच घडलें आहे. तेथील लोक अशा टेकाडास 'तेल' म्हणतात. यहोशवाच्या ११ व्या अध्यायांत आपापल्या टेकाडावर उभ्या असलेल्या नगरांचा उल्लेख आहे, तो ह्याच प्रकारच्या जागांचा होय.

परंतु कोणतें टेकाड कोणत्या नगराचें, हें कसें ओळखावें? सन १८३८ मध्यें एडवर्ड रॉबिन्सन नांवाचे अमेरिकन विद्वान, आपले मित्र मिशनरी एली स्मिथ ह्यांस बरोबर घेऊन, त्या देशांत फिरले. ज्या अमेरिकन बोर्डानें सन १८१३ मध्यें मुंबईंत मराठी मिशनाचें काम सुरूं केलें, त्याच बोर्डाचे हे स्मिथ साहेब होत. त्यांस अरबी भाषा उत्तम येत होती. त्यांनीं खेडुतांच्या तोंडून गांवांचीं, झऱ्यांचीं व टेकड्यांचीं नांवें विचारून घेतलीं, तेव्हां दिसून आलें कीं, राज्यें गेलीं, भाषा पालटली, तरी गरिबांच्या तोंडीं जुनीं नांवें जिवंत राहिलीं आहेत. यरीहोजवळच्या गावास लोक अजून अरीहा म्हणतात. तेथील टेकाड सुमारें सत्तर फूट उंच आहे, आणि त्याच्या पायथ्याशीं बारमाही झरा आहे. अलीशा संदेष्ट्यानें ज्याचें पाणी गोड केलें तो झरा हाच, असें परंपरा सांगते. जेथें पाणी तेथें वस्ती, हा नियम तेथेंही आहे.

दुसरी खूण खापरांची. सन १८९० मध्यें फ्लिंडर्स पेट्री ह्या इंग्रज विद्वानानें तेल-एल-हेसी नांवाच्या टेकाडावर सुमारें सहा आठवडे काम केलें. तेथें त्यास सोनें मिळालें नाहीं. खापरें मात्र मिळालीं. पण त्याच्या लक्षांत आलें कीं, प्रत्येक काळचें मडकें निराळें असतें. काठ, कान, बूड, रंग, सारें पालटत जातें. आपल्याकडील अनुभवी बाई नुसत्या काठावरून हें मडकें कोणत्या कुंभाराचें, हें सांगते ना? तसेंच हें आहे. कोणत्या थरांत कोणत्या तऱ्हेचें खापर सांपडतें, हें नीट टिपून ठेविलें, तर मग ज्यावर एक अक्षरही नाहीं असें खापर आपला काळ सांगूं लागतें. जें लोकांनीं उकिरड्यावर फेकलें, तेंच पुढें साक्षीस उभें राहिलें.

आतां खणण्याची रीत पाहूं. ज्यानें विहीर खणिली आहे त्यास ठाऊक आहे कीं, वर काळी माती, खालीं मुरूम, आणि त्याखालीं खडक लागतो. टेकाडांतही थर असतात. खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा. परंतु येथें एक फसवणूक असते. समजा, नातवानें आपल्या घरांत धान्यासाठीं खोल पेंव खणिलें. तें आजोबाच्या घराची जमीन फोडून पणजोबाच्या थरापर्यंत गेलें. पुढें त्या पेंवांत नातवाचा पैसा पडला. आतां खणणाऱ्यानें पेंवाची कड ओळखली नाहीं, तर तो नातवाचा पैसा पणजोबाचा म्हणून सांगेल, आणि सर्व हिशेब चुकेल. म्हणून शहाणा शोधक वस्तूपेक्षां वस्तूच्या जागेस अधिक जपतो.

ह्यासाठीं जमिनीचे चौकोन आंखितात, आणि दोन चौकोनांमध्यें न खणलेला मातीचा बांध उभा ठेवितात. त्या बांधाच्या कडेवर सर्व थर एकावर एक दिसतात. करणीनें थोडी थोडी माती खरवडितात, कुंच्यानें झाडितात, माती चाळणींतून चाळितात, प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधितात, वहींत नोंद करितात, आणि चित्र काढितात. इतकी खबरदारी कां? शेत एका वर्षीं वाईट नांगरलें, तर पुढच्या वर्षीं पुन्हा नांगरतां येतें. परंतु एकदां उचकटलेला थर जगांतील कोणासही पुन्हा रचतां येत नाहीं. ह्या रीतीस वळण लावणारे मॉर्टिमर व्हीलर सन १९४४ ते १९४८ पर्यंत आपल्या देशाच्या पुराणवस्तु खात्याचे मुख्य होते. त्यांनीं तक्षशिला येथें हिंदी तरुणांस हें काम शिकविलें. सन १९५४ ते १९५६ ह्या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळीनें प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें टेकाड खणून हजारों वर्षांच्या वस्तीचे थर उजेडांत आणिले.

आतां यरीहोकडे वळूं. सन १९३० ते १९३६ पर्यंत जॉन गार्स्टँग ह्या विद्वानानें तेथें खणलें. त्यास मातीच्या विटांच्या दोन भिंती पडलेल्या आढळल्या. त्यानें ठरविलें कीं, ह्या दोन्ही भिंती एकाच काळच्या, त्या इ. स. पूर्वीं सुमारें १४०० मध्यें धरणीकंपानें पडल्या. आणि ह्याच यहोशवाच्या वेळच्या भिंती होत. ही वार्ता ऐकून ख्रिस्ती लोकांस आनंद झाला, आणि मंडळ्यामंडळ्यांत ती सांगण्यांत आली. गार्स्टँग अप्रामाणिक नव्हता. त्याच्या काळीं जीं साधनें होतीं त्यांनीं त्यानें काम केलें.

पुढें सन १९५२ ते १९५८ पर्यंत मिस कॅथलीन केन्यन ह्या बाईंनीं तेंच टेकाड पुन्हा खणलें. त्यांनीं व्हीलर ह्यांच्या हाताखालीं इंग्लंडांत काम केलें होतें. त्यांनीं टेकाडाच्या कडेंतून खोल चर खणून थर वाचले, तेव्हां दिसून आलें कीं, त्या दोन भिंती एका काळच्या नाहींत, आणि दोन्ही यहोशवाच्या काळाहून सुमारें हजार वर्षें जुन्या आहेत. त्यांवर पुढें आणखी एक नगर वसलें होतें, तेंही इ. स. पूर्वीं सोळाव्या शतकांत जळून गेलें. यहोशवाचा म्हणून जो काळ विद्वान मानितात, त्या काळची वस्ती फारच थोडी आढळली. वारा व पाऊस ह्यांनीं टेकाडाचा माथा झिजला, आणि त्याबरोबर वरचे थर वाहून गेले, असें केन्यनबाईंनीं स्वतः नमूद केलें आहे. सन १९४९ नंतर जळक्या लांकडावरून व धान्यावरून काळ मोजण्याची रीत निघाली. तिनें त्या नगराच्या राखेंतील जळके दाणे तपासले, तेव्हां त्यांचाही काळ सोळाव्या शतकाच्या आसपासचाच निघाला.

ह्याच चरांत केन्यनबाईंस असें कांहीं सांपडलें कीं, ज्याची कोणास कल्पनाही नव्हती : सुमारें दहा हजार वर्षांमागचा दगडी बुरूज, सुमारें अठ्ठावीस फूट उंच, आंत बावीस पायऱ्यांचा जिना. त्या काळीं मनुष्यास मडकीं भाजणेंही ठाऊक नव्हतें. तसेंच सन १९५३ मध्यें मनुष्यांच्या कवट्या सांपडल्या. त्यांवर गिलावा लावून चेहरे घडविले होते, आणि डोळ्यांच्या जागीं शिंपले बसविले होते. आपल्या मेलेल्या माणसाचें तोंड पुन्हा पाहावें, ही त्या प्राचीन लोकांची आस त्या गिलाव्यांत दिसून येते. पुनरुत्थानाची वार्ता त्यांस कोणी सांगितली नव्हती. परंतु मरण हें शेवटचें असूं नये, असें त्यांचें अंतःकरण म्हणत होतें.

तर मग, बंधूंनो, त्या मुलाला आम्ही काय उत्तर द्यावें?

पहिलें हें कीं, खरें तें कबूल करावें. "बाळा, भिंतीविषयीं तूं म्हणतोस तें बरोबर आहे, आम्हीं जुनी बातमी धरून ठेविली होती," असें म्हणण्यास उपदेशकाची जीभ अडखळूं नये. पूर्वीं आपल्या खेड्यांत शिवेचा तंटा पडला म्हणजे जुना जाणता मनुष्य शीव चालून दाखवी. त्याच्या शब्दावर दोन गांवांचा न्याय होई. त्यानें आपल्याच गांवासाठीं म्हणून चार पावलें पुढें टाकिलीं, तर ती खोटी साक्षच झाली. देवासाठीं दिलेली खोटी साक्ष ही खोटीच असते. ईयोबाच्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायांत ईयोब आपल्या मित्रांस हाच दोष लावितो, कीं ते देवाची बाजू राखण्याकरितां असत्य बोलतात. आणि शेवटीं देव त्या मित्रांवर रागावला, ईयोबावर नाहीं. देवास आमच्या लबाडीच्या टेकूची गरज नाहीं.

दुसरें हें कीं, भिऊं नये. यरीहोच्या वृत्तान्ताविषयीं भक्तिमान विद्वानांचेंही एकमत नाहीं. कोणी म्हणतात, तो थर वाहून गेला. कोणी म्हणतात, काळाची गणना निराळी करावी. कोणी म्हणतात, तो वृत्तान्त देवाच्या लोकांनीं पिढ्यानुपिढ्या गायिलेलें त्याच्या सामर्थ्याचें स्तोत्र आहे, आणि इतिहासकाराच्या मापानें तो मोजूं नये. हा वाद आम्ही ह्या पानावर मिटवूं शकत नाहीं; आणि तो मिटेपर्यंत तारण थांबून राहात नाहीं.

तिसरें हें कीं, कुदळीची साक्ष जेथें शास्त्राशीं जुळते तेथेंही आम्हीं फुगून जाऊं नये. लाखीशाचा दाखला घ्या. पेट्रीनें तेल-एल-हेसी हेंच लाखीश मानिलें होतें, तो चुकला. खरें लाखीश दुसऱ्याच टेकाडाखालीं होतें, आणि तेथें सन १९३२ पासून जेम्स स्टार्की ह्यानें काम केलें. सन १९३५ मध्यें वेशीजवळच्या एका खोलींत, राखेच्या थरांत, शाईनें लिहिलेलीं अठरा खापरें मिळालीं. तीं बाबेलची फौज यहूदावर चालून आली त्या दिवसांतलीं चिठ्ठ्यापत्रें होतीं. त्यांतल्या एका पत्रांत बाहेरच्या चौकीवरचा मनुष्य आपल्या धन्यास कळवितो कीं, आम्ही लाखीशाच्या जाळाच्या खुणेकडे डोळे लावून आहों, कारण अजेकाची खूण दिसत नाहीं. आतां यिर्मयाचा ३४ वा अध्याय उघडून पाहा. यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकीं लाखीश व अजेका हींच काय तीं उरलीं होतीं, असें तेथें सांगितलें आहे. अंगावर शहारे आणणारी ही गोष्ट आहे! संदेष्टा यरुशलेमांत ओरडत होता, आणि त्याच वेळीं बाहेर एक शिपाई अंधारांत विझलेल्या खुणेकडे पाहात होता. पण त्या खापरानें कोणाचें पाप धुतलें जात नाहीं. तें सांगतें कीं नगर होतें, संकट होतें, आणि भय होतें. त्या भयांतून सोडविणारा कोण, हें खापर सांगूं शकत नाहीं.

ह्या खणणाऱ्यांपासून आम्हांस आणखीही शिकण्यासारखें आहे. ते बांध राखून ठेवितात. म्हणजे सर्वच टेकाड एकदम खणून टाकीत नाहींत. आमच्याहून अधिक जाणते पुढें येतील, त्यांच्यासाठीं कांहीं राहूं द्यावें, अशी ती नम्रता आहे. आम्ही मात्र शेजाऱ्याच्या आयुष्याचा एक तुकडा पाहतों आणि त्याचा सगळा न्याय करून मोकळे होतों. त्याच्या वरच्या थरांत राग दिसला, पण खालीं कोणतें दुःख गाडलेलें आहे, कोणती आग लागून गेली आहे, हें आम्हीं पाहिलें आहे काय? मंडळींत भांडण आलें म्हणजे पंचांनीं आधीं थर ओळखावे, मग निकाल द्यावा.

दुसरें, वस्तु जागेवरून काढून साक्षीस आणूं नये. सन १९७४ मध्यें प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें खणीत असतां एका गरीब शेतकऱ्यास कांशाच्या चार मूर्ति मिळाल्या : बैलांचा रथ हांकणारा मनुष्य, हत्ती, गेंडा आणि म्हैस, सर्वांचें वजन साठ किलोंहून अधिक. अशी सुंदर वस्तु साऱ्या देशांत दुर्मिळ आहे. पुष्कळ विद्वान त्या सुमारें चार हजार वर्षांच्या मानितात. तथापि त्या शोधकाच्या डोळ्यांदेखत थरांतून निघाल्या नाहींत, म्हणून त्यांच्या काळाविषयीं वाद राहिला. शास्त्रवचनाचेंही असेंच आहे. एखादें वचन त्याच्या अध्यायांतून उपटून काढावें, आणि आपल्या भांडणांत धोंड्यासारखें फेकावें, हें किती वेळां घडतें! वचन ज्या थरांत आहे त्या थरांतच वाचावें : कोणी सांगितलें, कोणाला, कोणत्या संकटांत. मगच त्याचा अर्थ खुला होतो.

येथें एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवितों. आपल्या गांवच्या पांढरींत नाणीं, ताम्रपट किंवा जुनी मूर्ति सांपडली, तर ती वितळवूं नये, विकूं नये, आणि आसपास खणूं नये. दहा रुपयांवरील किमतीचें गुप्त धन सांपडल्यास तें कलेक्टरास कळवावें, असा सन १८७८ चा कायदा आहे. जें पूर्वजांचें आहे तें सर्वांचें आहे. तें लपविणें ही चोरीच होय.

आणि तिसरें, लहानांची आठवण. राजांनीं आपलीं नांवें दगडावर कोरविलीं. तरी काळ ओळखण्यास अधिक उपयोगीं पडलें तें चुलीवरचें मडकें. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें सन १९६८ ते १९८३ पर्यंत काम झालें. तेथें तीन हजार वर्षांमागच्या घरांच्या जमिनीखालीं लहान मुलांचीं प्रेतें मिळालीं. दोन मडकीं तोंडास तोंड लावून त्यांत तीं ठेविलीं होतीं. बंधूंनो, लेंकरूं दूर ठेवावयास त्या आईचा जीव झाला नाहीं. तिनें तें घरांतच ठेविलें. तिचें नांव कोठें लिहिलेलें नाहीं. पण आम्ही ज्या बापाची उपासना करितों त्यास तें ठाऊक आहे. त्याच्या ज्ञानावांचून चिमणीही भूमीवर पडत नाहीं. पौल आपणांस मातीच्या भांड्यांची उपमा देतो, आणि ठेवा आंत आहे असें म्हणतो. मातीचें भांडें फुटेल, पण ठेवा देवाचा आहे.

शेवटीं, लूकाच्या सहाव्या अध्यायाकडे लक्ष द्या. तेथें प्रभूनें दोन घर बांधणारे सांगितले आहेत. त्यांतील शहाण्याविषयीं प्रभु म्हणतो कीं, त्यानें खणलें, खोल खणलें, आणि खडकावर पाया घातला. खणल्यावांचून खडक लागत नाहीं. पुष्कळांचा विश्वास वरच्या मऊ मातीवर असतो : आजोबांनीं धर्म घेतला म्हणून, साहेबांनीं सांगितलें म्हणून, कोठें भिंत सांपडली म्हणून. पूर आला कीं ती माती जाते. तुम्ही आपल्या अंतःकरणांत खणा. वरचा थर संवयीचा आहे, तो बाजूला करा. त्याखालीं अभिमानाचा आहे, तोही करा. त्याखालीं भयाचा थर लागेल, जुन्या पापांची राख लागेल, थांबूं नका. सर्वांच्या खालीं खडक आहे, आणि तो खडक ख्रिस्त आहे. तो कोणत्याही विद्वानानें खणून काढिलेला नाहीं, आणि कोणत्याही विद्वानाच्या शोधानें तो हलणार नाहीं.

तालुक्याहून घरीं आलेल्या त्या मुलास जवळ बसवा. त्याचें म्हणणें शांतपणें ऐकून घ्या. भिंतीविषयीं तो जिंकला तर जिंकूं द्या. परंतु तुमच्या घरीं रोज संध्याकाळीं प्रार्थना होते, शत्रूस क्षमा केली जाते, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढली जाते, हें त्यास दिसूं द्या. ही साक्ष कोणत्याही थरांत गाडली जात नाहीं.

हे प्रभो, आमचें खोटें आधार तूंच पाड. आणि आम्हांस खोल खणावयास धैर्य दे, म्हणजे आमचें घर तुजवर उभें राहील. आमेन.